राघूला कंठ फुटला

राघूच्या गळ्याला माघात तांबडी-काळी कंठी फुटली आणि त्या दिवसापासून नत्थुजीच्या घरातली शांतता जी गेली ती गेलीच.

त्याआधी दोन वर्षं हे पाखरू म्हणजे मातीचा गोळा होतं. दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडं गोऱ्यांची आपसांत जुंपली, त्यांचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. नत्थुजीच्या तिवसा गावात ज्याच्या अंगावर धड बाराबंदी नव्हती तो जरीचा फेटा बांधून फिरू लागला. जानराव पाटलानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. बैल बिचारे पूर्वी टाकत होते तेच शेण टाकत राहिले. नत्थुजीला कसली हौस नव्हती, पण अमरावतीच्या बाजारात एका हिंदुस्थानी पाखरंवाल्यानं त्याला गाठलं. "पढता है, सेठ," असं तो पाखरंवाला म्हणाला, आणि जन्मात ज्याला कुणी सेठ म्हटलं नव्हतं तो नत्थुजी जागेवर विरघळला. पिंजरा घेऊन घरी आला तेव्हा त्याची माय गोदाबाई म्हणाली, "लेका, थो पढते म्हणे, अन् तू पढला नाहीस म्हणून तर फसलास!"

राघू काही पढला नाही. 'राम राम' शिकवून शिकवून सगळ्या आळीचे घसे बसले, पण त्यानं चोच उघडली ती फक्त दाळ खायला. नत्थुजीच्या पोरीला, कौशल्येला, मात्र त्याचं काही वाटलं नाही. कौशी आठ वर्षांची. त्याच्या बायकोच्या, सुभद्राच्या, पोटी झालेल्या लेकरांतलं एवढं एकच हाती लागलं होतं. बाकीची तीन गावाबाहेरच्या मातीत होती. म्हणून कौशीला कुणी 'नको' म्हणत नसे. ती राघूला खांद्यावर घेऊन फिरायची, आणि त्याच्या वाटचंही आपणच बोलायची.

आणि तिसऱ्या माघात त्याला कंठ फुटला.

काय ओरडायचा म्हणता! उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत क्यांऽ क्यांऽ क्यांऽ, कानात सुई टोचावी तसा. अंगणातल्या कडुनिंबाच्या ढोलीत रानपोपटांनी बिऱ्हाड मांडलं होतं. तिथून एक हाक आली की हा मान ताठ करायचा, डोळ्यातली बाहुली बारीक-मोठी करायचा, आणि इकडून दहा हाका द्यायचा. पितळेच्या लोट्यात स्वतःचंच रूप पाहून त्याला खाल्लेली दाळ ओकून भरवायला जायचा. लोटा उचलला की दुप्पट आरडाओरडा. बोट पुढं केलं की चावा.

घरादाराच्या नाकी नऊ आले. गोदाबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरभर ठसका उठला, राघू ओरडतच होता. शेजारची दुर्गाबाई म्हणाली, हिरवी मिरची खाऊ घाला, जीभ जड होते. मिरची खाऊन त्याला आणखी तरतरी आली. घोंगडी टाकून पाहिली. घटकाभर गप्प बसला, आणि बाया रेच्यावर कापसातली सरकी काढायला बसल्या न बसल्या तोच घोंगडीखालून असा किंचाळला, की गोदाबाईचं बोट रेच्याच्या लाटांत जाता जाता वाचलं.

"जवान झाला लेकाचा," नत्थुजी हसायचा. "त्याचं लगन लावून द्या."

"तुमी हसा," सुभद्रा म्हणायची. "तुमचं काय, तुमी चालले गाड्या घेऊन. आमच्या डोस्क्यावर थो मिरे वाटून राहिला."

खूश होती एकटी कौशी. "माय, बोलला! राघू बोलला वं!" म्हणून ती अंगणभर नाचली होती. तिला त्याचं सगळं कळायचं म्हणे. आता दाळ पायजे म्हणते, आता ऊन लागते म्हणते, आता झाडावरच्या बाईले बोलावते. सुभद्रा कपाळावर हात मारायची, पण पोरीला हसताना पाहून तिलाही हसू फुटायचं.

होळी झाली आणि नत्थुजी कापसाची गाडी जुंपून गेला. एरवी अमरावतीला माल उतरवून माणूस चार-सहा दिवसांत परत यायचा. पण त्या साली व्यापाऱ्यांना गाड्याच पुरत नव्हत्या. अमरावतीहून अकोल्याची भरती, अकोल्याहून पुन्हा उलटी भरती, आणि भाडं तोंडाला येईल ते. गावातले धडधाकट पुरुष सगळे रस्त्याला लागले होते, आणि घरोघरच्या बाया रेच्याला जुंपल्या होत्या. आजारी पडायलाही कुणाला सवड नव्हती.

त्यात पाडव्याच्या सुमाराला कौशीला ताप भरला. अंग असं तापलं की हात ठेववेना. ताप जरा उतरला म्हणेस्तोवर कपाळावर, दंडांवर बारीक पुरळ उमटलं. गोदाबाईनं पोरीला दाराच्या उजेडात आणून नीट पाहिलं. मग ती खाली बसली आणि नातीच्या पायांवर डोकं टेकलं.

"माय, आली तशी सुखानं राह्य. आमचं चुकलंमाकलं पदरात घे, अन् हासत जाय."

सासू आपल्या पोरीच्या पाया पडते आहे हे पाहून सुभद्रानं ओळखलं. आधीची तिन्ही अशी गेली नव्हती; एक लेकरू हगवणीनं गेलं होतं, दोन नुसत्या तापानं. मातामाय, म्हणजे देवी, या घरात पहिल्यांदाच येत होती. पण तिवशात ती येऊन गेलेली घरं सुभद्रानं पाहिली होती. काही घरांतून ती हसत गेली होती, गालांवर वण ठेवून. काही घरांतून लेकराला घेऊनच गेली होती.

त्या घडीपासून घराची रीत बदलली. कौशी आता कौशी नव्हती, पाहुणी आलेली देवी होती. दारावर निंबाचे डहाळे बांधले. फोडणी बंद, चुलीवर तेल बंद, जातं बंद, रेचा बंद. कुणाला शिवी द्यायची नाही, कुणावर हात उचलायचा नाही, मुंगीसुद्धा मारायची नाही. आणि मातामाय घरात आहे तोवर घरातलं काही म्हणजे काही उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही, चुलीतली राखसुद्धा नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. मातामायला गलका खपत नाही. गलका झाला की ती रागावते, आणि रागावली की फोड भरत नाहीत, आतल्या आत काळे पडतात.

गलका! आणि ओसरीवर राघू होता.

त्याला कुणी सांगावं? त्याचा मोसम भरात आला होता. निंबाला मोहोर, ढोलीत पिल्लांची किरकिर, रानपोपटांची ये-जा, आणि हा पिंजऱ्याच्या काड्या कडाकड चावून छाती फुटेस्तोवर ओरडत होता. एकेका किंचाळीबरोबर आत कौशी दचकायची. तिचं सगळं अंग फोडांनी भरलं होतं. दचकली की गोधडी घासायची आणि ती कण्हायची. डोळे सुजून मिटले होते. कितीतरी वेळ झाला, तिचा डोळा असा लागलाच नव्हता. सुभद्राच्या मनानं एकच घेतलं होतं, पोरीला एक झोप लागू दे. एक झोप लागली की ताप उतरेल, माय शांत होईल, पोरगी वाचेल.

"आत्याबाई, पिंजरा दुर्गाबाईच्या घरी टांगू का?" तिनं सासूला विचारलं.

"येड लागलं का वं तुले? मातामाय घरात अन् तू जितं जनावर उंबऱ्याभाईर काढतं? त्याच्या पाठी माय घरातलं दुसरं जितं नेते."

"मंग सोडून देऊ त्याले. उडून जाईन झाडावर."

"सोडून देलं काय अन् देऊन टाकलं काय, भाईरच गेलं ना थे!"

 गोदाबाई काही दुष्ट बाई नव्हती. तिलाही ही पोरगी जिवापाड होती. रोज डोक्यावर ऊन आलं की अनवाणी, घागर घेऊन, ती गावाबाहेर मातामायच्या पारावर जायची, दगडावर पाणी घालायची, आणि उन्हं कलेपर्यंत तिथंच पदर पसरून बसायची. पायांना फोड आले होते म्हातारीच्या. तिला कसं आणि काय म्हणणार?

मग सुभद्रानं आपल्या परीनं सुरू केलं. पिंजरा गोठ्यात नेला. गोठा घराच्या आतलाच, तेव्हा तिथं चालत होतं. अंधारात राघू असा बिथरला की म्हैस दावं तोडायला लागली. परत ओसरीवर आणला. पिंजऱ्याला ओलं धडपं गुंडाळलं. स्वतः पिंजऱ्याशी बसून त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं. त्यानं बोट फोडलं. धोंडा मारून रानपोपट हाकलावे तर हात उचलायचा नाही. शेवटी ती निंबाखाली जाऊन उभी राहिली आणि तिनं पाखरांना हात जोडले. "बायांनो, चार दिस दुसरीकडे जा वं. माही पोरगी आत पडून हाय." वरून विष्ठा पडली तिच्या पदरावर. दुसरं काय पडणार?

आळीतला सहदेव अमरावतीला गाडी घेऊन निघाला होता. त्याच्याजवळ तिनं नवऱ्याला निरोप दिला. सहदेव परत आला तो मान हलवतच. "वैनी, तिथी गाड्यांची जत्रा हाय. बैलाले बैल ओळखू येत नाही. नत्थुजीले कुठी पाहू मी?"

मातामायला अंगावर घेऊन कौशी पडून होती. शुद्धीत असली की एखादा शब्द बोलायची.

"माय, राघूले मारू नोको हं."

"नाही मारत वं बाई."

"थो म्हणते, कौशी कुठी गेली. त्याले सांग, मी अथीच हाय."

सुभद्रानं तोंडात पदर कोंबला. फोड खरंच काळपट दिसत होते, का तिला तसं वाटत होतं, कुणास ठाऊक. गोदाबाई पारावर जाताना बजावून गेली, "पाह्य, रंग पालटून राहिला. मायले त्रास होते. त्या पाखराचं काहीतरी कर." काहीतरी कर! करायचं सगळं बंद, आणि काहीतरी कर.

त्या दुपारी सुभद्रा परसात पाणी घ्यायला गेली तेव्हा कुंपणापलीकडे दुर्गाबाई रेचा फिरवत बसली होती. तिच्याजवळ निंबाच्या फांदीला झोळी बांधलेली. झोळीत तिचं तान्हं होतं. इकडे रेच्याची करकर, वर पोपटांचा कल्ला, ओसरीवर राघूचं किंचाळणं, आणि पोर कसं, तर हाताची मूठ तोंडाशी धरून गाढ झोपलेलं.

सुभद्रा त्या झोळीकडे पाहतच राहिली.

"काय पाह्यते वं?" दुर्गाबाईनं हळू आवाजात विचारलं.

"झोपलं."

"झोपलं नाही, झोपवलं. मोहरीएवढी गोळी देल्ली. नाहीतर मले काम करू देते का थे?"

यात नवल काही नव्हतं. वऱ्हाडात कोणती माय लेकराला अफूची गोळी देत नव्हती? वेचणीच्या दिवसांत बांधावर लेकरं ओळीनं झोपलेली असत, वाळत घातलेल्या पापडांसारखी. सुभद्रानंही कौशीला दिली होती, दात येईपर्यंत. घराघरात चुलीमागं मिठाची, हळदीची तशी अफूची डबी. त्याला कुणी औषधही म्हणत नसे, विष तर नाहीच. ती होती झोप, डबीत भरून ठेवलेली.

आणि एवढे दिवस हे कसं सुचलं नाही, म्हणून सुभद्रानं स्वतःला शिव्या मोजल्या. मारायचं नाही, हाकलायचं नाही, बाहेर द्यायचं नाही. झोपवायचं नाही असं कुणी सांगितलं होतं?

घरात येऊन तिनं डबी काढली. अर्ध्या मोहरीएवढा तुकडा नखानं तोडला, भिजल्या दाळीच्या दाण्यात दाबला, आणि राघूपुढे धरला. त्यानं आधी बोटाचा चावा घेतला, मग दाळ खाल्ली. थोडं ओरडला. मग ओरडण्यात खंड पडू लागला, जसा पाऊस उघडताना पडतो. मग त्यानं मान पाठीत खुपसली. दांडीवरून घसरतो की काय असं वाटलं, म्हणून सुभद्रानं पिंजरा आढ्याच्या खुंटीवरून काढला आणि खाली ओसरीच्या कोपऱ्यात भुईवर ठेवला. आत हात घालून पाहिलं. ऊब होती, छातीत धडधड होती. त्याच्या पाण्याची वाटी रिकामी होती. उठेल तेव्हा भरू, म्हणाली.

आणि घर शांत झालं.

अहाहा! किती दिवसांनी ती शांतता! निंबावरचे रानपोपट इकडून जबाब येईना म्हणून थोडं ओरडले आणि नदीकडं उडून गेले. चैताचं ऊन अंगणात नुसतं पडून होतं. सुभद्रा कौशीजवळ येऊन बसली, निंबाच्या डहाळीनं वारा घालू लागली. आता पोरीला झोप लागणार होती. सगळं आता नीट होणार होतं.

"माय," कौशी म्हणाली.

"काय वं?"

"राघू काहून बोलत नाही?"

"झोपला थो. तूबी झोप."

"थो दुपारी झोपत नाही."

"आज झोपला. ऊन लय हाय ना."

पोरीनं मिटल्या डोळ्यांनीच तोंड ओसरीकडं वळवलं. मग म्हणाली, "पाणी नाही देल्लं त्याले तुनं. पाणी नसलं का थो गप्प होते."

"देईन, देईन. तू झोप आधी."

"माय, थो मेला त नाही ना?"

"काय वंगाळ बोलतं! झोपला म्हणलं ना!"

आवाज जरा चढला, आणि सुभद्रानं लगेच जीभ चावली. पोरीच्या पायाला हात लावून तिनं मातामायची माफी मागितली. कौशी गप्प झाली. श्वास एका लयीत चालू होता. झोपली, सुभद्राला वाटलं. तिनं पोरीच्या उशाशी पाण्याचा तांब्या सरकवून ठेवला. आता फक्त भिंतीला पाठ टेकायची, डोळे मिटायचे नाहीत, असं तिनं ठरवलं. पण ठरवणारं माणूस किती दिवसांचं जागं होतं! तिची मान कधी कलली ते तिला कळलं नाही.

तिला जाग आली ती राघूच्या किंचाळीनं.

पहिलं तिच्या मनात आलं ते हे, की जगला बापडा, मेला नाही. आणि तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. ते पुढं तिला कधी विसरता आलं नाही. मग तिनं बाजूला हात टाकला तर गोधडी रिकामी होती.

कौशी ओसरीवर होती. मधल्या दाराच्या उंबऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भुई ओली होती, आणि तांब्या पिंजऱ्याशी आडवा पडला होता. मिटल्या डोळ्यांनी भिंत चाचपत, गुडघ्यांवर पोरगी तिथवर आली होती. पिंजऱ्याचं दार उघडं होतं आणि तिचा हात आत होता. राघूची वाटी काठोकाठ भरलेली होती. राघू दांडीवर बसून, मान ताठ करून, तिच्या हातापासून चार बोटांवर ओरडत होता. उघड्या दारातून बाहेर जायचं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

सुभद्रानं पोरीला उचललं. अंग अजून गरम होतं, पण ते उन्हानं होतं.

तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात अंगणात गोदाबाई आली. पारावरून येत होती, हातात रिकामी घागर. म्हातारीनं पाहिलं, घागर खाली ठेवली, आणि धावत येऊन सुनेच्या तोंडावर हात दाबला.

"रडू नोको. बाई, रडू नोको. मातामायनं नेली. तिच्या नेल्यावर रडत नाहीत. रडली त थे मागं फिरते, आळीतलं दुसरं लेकरू घेते. दुर्गीचं तान्हं हाय पलीकडे. रडू नोको, माह्यी माय."

सुभद्रा रडली नाही. म्हातारीच्या बोटांना तिचे दात लागले तेवढेच. कौशीला जाळलं नाही. मातामायचं लेकरू जाळत नाहीत. गावाबाहेर, आधीच्या तिघांशेजारी मातीत ठेवलं. आळीतल्या बाया आल्या, खाली मान घालून बसल्या आणि उठून रेच्यावर गेल्या. कुणी हुंदका दिला नाही. त्या दिवशी त्या घरातून आवाज आला तो एकट्या राघूचा. त्याला मनाई नव्हती.

सुभद्रानं दडवलं नाही. तिनं सासूला सांगितलं, "आत्याबाई, म्या राघूले अफू देल्ली. थो गप्प झाला म्हणून पोरगी उठली. अन् मी झोपली."

"बरं केलं वं. मायले तेवढी घटकाभर शांती भेटली. जाताना राग घेऊन नाही गेली."

"पण मी झोपली, आत्याबाई!"

"माणूसच हायस. झोपशील नाही त काय?"

तिनं दुर्गाबाईला सांगितलं. दुर्गाबाईनं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, एवढीशी गोळी तर आपण लेकराले देतो, त्यात काय वाईट केलं तू? कुणीच तिला एक शब्द बोललं नाही. गावात भांडकुदळ म्हणून नावाजलेल्या बायासुद्धा तिच्याशी गोड बोलल्या. सुभद्राला वाटे, कुणी झिंज्या धराव्यात, कुणी तोंडात मारावी, कुणी म्हणावं, सटवे, तुनं मारली पोरगी. कुणी म्हणेना.

मग ती नवऱ्याची वाट पाहू लागली. तो बोलेल. त्याची ती लाडकी होती, तो सोडणार नाही.

नत्थुजी आला तो ऐन सकाळी. राघूचा जोर चालूच होता. गाडी आळीच्या तोंडाशी असतानाच नत्थुजीच्या कानावर ते ओरडणं पडलं, आणि तो गाडीतच उभा राहून हसत हसत हाका मारू लागला, "कौशे! तुया राघूनं त गाव डोस्क्यावर घेतलं वं! पार वेशीपासून ऐकू येऊन राहिला! कौशे!"

सुभद्रा दारात उभी होती. दारावर निंबाचे डहाळे अजून होते, सुकलेले. ते पाहून त्याची हाक मधेच तुटली.

तिनं त्याला सगळं सांगितलं. ओसरीवर, पिंजऱ्यासमोर, एक गोष्ट न गाळता. गोळी किती तोडली, दाळीत कशी दाबली, पोरीनं काय काय विचारलं, आणि आपण काय काय सांगितलं. सांगून झाल्यावर ती त्याच्या हाताकडं पाहत राहिली. नत्थुजीनं डोक्यावरचा फेटा उतरवला. मग फेट्याच्या शेवानं त्यानं तोंड पुसलं.

"अजी, बोला ना काही," ती म्हणाली. "मारा मले."

"तुले काहून मारू?" तो म्हणाला. "मी असतो त मीबी तेच केलं असतं. मी त दोन गोळ्या देल्या असत्या."

आणि उठून त्यानं बैल सोडले.

वैशाख लागला. ढोलीतली पिल्लं उडाली. रानपोपट आपला कुटुंबकबिला घेऊन नदीकाठच्या आमराईत गेले. आणि एका सकाळी राघू ओरडला नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंख फुगवून दांडीवर बसला होता, जसा आधी दोन वर्षं बसत होता. ना मिरची, ना घोंगडी, ना दृष्ट काढली, ना गोळी दिली. पाखराचा मोसम होता तो, सरला. जरा कळ काढली असती तर आपसूक सरणार होता. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला दिला, असं कुणी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच्या गप्प होण्याकडं कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. घरात रेचा पुन्हा सुरू झाला होता आणि नत्थुजी पुढच्या भरतीच्या गोष्टी करत होता.

लक्ष गेलं ते सुभद्राचं. ती पिंजऱ्यापुढं जाऊन बसली.

"वरड ना रे," ती म्हणाली. "आता काहून गप्प? आता वरड."

राघूनं दाळीचा दाणा उचलला.

"वरड म्हणलं ना! थे विचारत होती, राघू काहून बोलत नाही. तिले जबाब दे ना आता!"

तो दाणा सोलत राहिला. सुभद्रानं पिंजरा दोन्ही हातांनी धरला, आणि मग तिनंच तोंड उघडलं आणि ती ओरडली. क्यांऽ क्यांऽ क्यांऽ, थेट त्याच्यासारखी, छाती फुटेस्तोवर. पोरगी गेल्यापासून तिच्या गळ्यातून निघालेला तो पहिला मोठा आवाज होता. कुंपणापलीकडे दुर्गाबाईचा रेचा थांबला आणि झोळीतलं तान्हं दचकून रडू लागलं. राघू दांडीच्या पार टोकाला सरकला आणि अंग चोरून तिच्याकडं पाहत राहिला.

गोदाबाई आतून आली. तिनं सुनेच्या बगलेत हात घातला.

"चल बाई," ती म्हणाली, "सरकी काढायची राहिली."

सुभद्रा उठली आणि रेच्यावर जाऊन बसली.